डाव्या बाजूला बसलेली आई

बाबांना लकवा मारला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. ते नागपुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत आणि घरात त्यांचा शब्द खाली पडू द्यायची कुणाची टाप नव्हती. डावा हात गेला, डावा पाय गेला, वाचा मात्र शाबूत राहिली. ती गेली असती तर आईवर उपकार झाले असते, असं मी त्या वर्षी कितीदा तरी मनात म्हटलं, आणि आजही मागे घेत नाही.

दवाखान्यातून घरी आणल्यावर आमच्या लक्षात आलं की गेलंय ते हातापायापेक्षा जास्त. ताटात डावीकडे वाढलेलं मीठ, लिंबू, चटणी, लोणचं त्यांना दिसायचंच नाही. उजवीकडची भाजी आणि अर्धा भात संपवून ते ओरडायचे, "चटणी काहून नाही वाढली?" ताट फिरवलं की चटणी सापडायची आणि ती लपवून ठेवल्याबद्दल आईला वेगळ्या शिव्या. दाढी उजव्या गालाचीच करायचे आणि आरसा खाली ठेवायचे. डोळे ठणठणीत होते. डॉक्टर म्हणाले, मेंदूनं त्या बाजूची हजेरी घेणं बंद केलंय, आणि ती बंद केलीय हेही त्याला कळत नाही.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक तरुण बाई आमच्याच वस्तीत राहायच्या. ड्यूटी संपली की त्या घरी यायच्या. बाबा त्यांना कसरतवाली म्हणायचे. पहिल्याच दिवशी बाईंनी त्यांना फूल काढायला सांगितलं. चित्रकलेचे मास्तरच ते, त्यांनी पेन्सिल धरली आणि उजवीकडच्या पाकळ्या अशा काढल्या की सावलीसकट उठून याव्यात. डावीकडे कोरा कागद. "दहापैकी नऊ," त्यांनी स्वतःच मार्क दिले. एवढी वर्षं पोरांना साडेचारच्या वर मार्क न देणारा माणूस अर्ध्या फुलाला नऊ देत होता. मला हसू आलं. आईला आलं नाही.

बाईंचे नियम कडक होते. ताट फिरवायचं नाही, हुडकू द्यायचं. बोलायचं, भरवायचं, औषध द्यायचं ते डावीकडूनच, म्हणजे मान तिकडे वळायला शिकेल. पेपरच्या डाव्या कडेला बाईंनी लाल पट्टी चिकटवली. आधी बोटानं ती लाल पट्टी गाठायची, मगच ओळ वाचायची. नाहीतर बाबा अर्ध्या ओळीपासून वाचत आणि आजकाल संपादकांना लिहिता येत नाही म्हणून तासभर बडबडत.

"मी काय करू?" आईनं विचारलं.

"तुम्ही डावीकडे बसा. त्यांना दिसलात नाही तरी बसा. तिकडे काहीतरी ठळक असलं की नजर कधीतरी ओढली जाईल."

आईनं पेपरची पट्टी पाहिली आणि स्वतःचं स्वतः ठरवलं. तिच्याकडे एकच लालभडक पातळ होतं, लग्नाकार्याला नेसायचं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज तेच नेसू लागली. संध्याकाळी धुवायचं, नागपूरच्या उन्हाळ्यात तासाभरात वाळायचं, सकाळी पुन्हा अंगावर. दिवसभर खाटेच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसून ती बाबांचा मेलेला हात चोळायची आणि म्हणायची, "मी इथीच आहो, इकडे पाहा ना जी." आवाज डावीकडून यायचा आणि बाबा बघायचे उजवीकडे, तो माझाच समजून. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

उजवीकडे मी असायचे. सेवेसाठी नव्हे. कूलरची खिडकी त्या बाजूला होती, म्हणून खाट भिंतीला लावता आली नव्हती आणि मे महिन्यात गार वाऱ्याची तेवढी एकच जागा होती. मी तिथं पुस्तक घेऊन लोळायचे. बाबांना दिसायची ती मीच. पाणी आई तोंडाला लावायची आणि ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "तू आहेस म्हणून जगून राहिलो वं पोरी." ज्या बापानं कधी पाठीवर हात ठेवला नव्हता, त्याच्या तोंडून हे ऐकायला मला आवडायचं. आयत्या बिळावर नागोबा व्हायला फार काही करावं लागत नाही, नुसतं सरकून बसावं लागतं.

एका दुपारी त्यांनी पाचव्यांदा की सहाव्यांदा विचारलं, "तुही माय कुठी आहे?"

तोवर मी दरवेळी सांगत आले होते की इथंच आहे, डावीकडे. ते म्हणायचे, तिथं कुणी नाही. त्या दिवशी मला पुस्तकातलं पान संपवायचं होतं. मी म्हटलं, "खाप्याले गेली, मामाकडे."

"मले असं टाकून?"

"येईल ना आता."

आई हातभर अंतरावर बसून त्यांच्या बोटांना तेल लावत होती. तिचा हात थांबला, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परत चोळायला लागली. नंतर चुलीपाशी म्हणाली, "असं काहून सांगितलं वं?"

"मंग काय सांगू? तू दिसतेच कुठं त्यायले?"

हे खरं होतं. खरं बोलून माणसाला किती मारता येतं हे मला तेव्हा कळत नव्हतं, असं म्हणायला मी मोकळी आहे. पण कळत होतं.

ते उत्तर बाबांना पटलं. डोळ्यांपुढे नसलेल्या बायकोचा तो सरळ हिशेब होता. मग पारशिवनीची आत्या भावाला बघायला आली. बाबांनी तिला सांगितलं, बायको माहेरी पळाली. आत्याला आई समोर दिसत होती, पण तिनं आईचं लाल पातळ आधी पाहिलं. "नवरा खाटेवर अन् ही नटून राहिली," ती शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली. आईनं बाईंचा नियम समजावून सांगायचा प्रयत्न केला. आत्यानं बाबांचं ताट फिरवून त्यांच्यापुढे चटणी आणली आणि म्हणाली, "एवढं सोपं आहे, अन् तुमच्यानं होत नाही." जाताना तिनं पातळाकडे पुन्हा एकदा बघून घेतलं. आईनं ते बदललं नाही.

पावसाळा लागल्यावर एकदा बाबा पेपर वाचत होते. बोट लाल पट्टीपर्यंत गेलं, तिथं थांबलं नाही, पुढे सरकलं. मान बोटामागून गेली. नजर आईच्या पदरावर पडली, मग वर, तोंडावर. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आईनं श्वास धरला होता. मीही.

"आलीस खाप्याहून?" बाबा म्हणाले. "भावाकडचं खाऊन पोट भरलं का?"

"मी कुठीच नव्हती गेली. इथीच होती."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. निकाल माझ्याकडे मागितला होता. मी खोटं बोलले होते एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "आली ना बाबा आता, जाऊ द्या."

बाईंना फार आनंद झाला. मान स्वतःहून डावीकडे वळतेय, असे लवकर सुधारणारे रुग्ण कमी असतात, असं त्या म्हणाल्या. त्यांनी बाबांना सांगून पाहिलं की तुमच्या पत्नी सतत तुमच्याजवळ होत्या. बाबा म्हणाले, "बाई, तुम्ही नव्या. तुम्हाला आमचं घर माहीत नाही." जे दिसलंच नव्हतं ते दिसलं नव्हतं हे त्यांना कोण आणि कसं पटवणार? एकच माणूस पटवू शकलं असतं, आणि ते कूलरपाशी बसलं होतं.

वर्षभरात बाबा काठी घेऊन चालू लागले. चटणी सापडू लागली, दोन्ही गाल गुळगुळीत झाले. आईशी ते कामापुरतं बोलत.

मग मला पाहायला पाहुणे आले. मुलाची आई सून कशी हवी ते सांगत होती, माणसांचं करणारी हवी. बाबा म्हणाले, "मग हीच न्या. मी मरणाच्या दारात होतो. या पोरीनं मला उठवलं." आणि मान अगदी सहज डावीकडे वळवून, चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आईकडे काठी दाखवत म्हणाले, "ही तेव्हा माहेरी गेली होती."

मुलाच्या आईनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मायेनं. मी पदर सावरला आणि खाली बघितलं. लाजल्यासारखं दिसलं असणार. जायच्या आधी त्यांनी होकार दिला.

पाहुणे गेल्यावर आई कपबशा विसळत होती. मी मागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आई, मी सांगते बाबांना. आत्ता सांगते. पाहुण्यांनाही कळवू."

तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"तुह्यं जमलं ना," ती म्हणाली, "मंग राहू दे."

मी राहू दिलं.