समोरच्या घरून आलेली लाईट

अंबडला आमच्या गल्लीच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या डीपींवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, लाईट येते. एका बाजूची गेली तरी दुसरीची असते. म्हणून आम्ही आणि समोरच्या काकूंनी गल्लीवरून एक वायर टाकून ठेवली होती, दोन्ही टोकांना पिन. आमची पिन बैठकीतल्या बोर्डात कायम खोचलेली. आमच्या कूलरचा आवाज थांबला की काकू न विचारता त्यांच्याकडची पिन लावायच्या. सख्खी बहीण करणार नाही इतकं त्या आमचं करायच्या.

मागच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातला बोर्ड जळाला. वायरमन नुसता येतो येतो म्हणत होता. शेवटी भर दुपारी आमचे हेच स्टुलावर चढले. ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस. मेन स्विच खाली केला, टेस्टर लावून पाहिला, पायात रबरी चप्पल घातली, मग तारा हातात घेतल्या. मी बैठकीत घामाघूम होऊन किती वेळ लागणार म्हणून कटकट करत होते.

आणि कूलर सुरू झाला.

खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. तेवढ्यात आतून धप्पकन आवाज आला.

हे स्टुलावरून खाली पडले होते. डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही, बोटं काळी पडलेली. मी धावत जाऊन मेन स्विच पाहिला, तर तो खालीच. मेन बंद आणि कूलर चालू! मी किंचाळले तेवढं आठवतं.

सगळ्यांच्या आधी काकूच धावत आल्या. फरशीवर बसून यांचे तळवे चोळायला लागल्या. यांनी जरा मान हलवली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग कुठे ती वायर आठवली. बैठकीतल्या बोर्डातली पिन उपटायला मी वळले होते, पण उपटली असती तर तिच्या पितळी दांड्यांत करंट होताच. आणि उघड्या तारा काकूंच्या डोक्यावर लोंबत होत्या.

"कशानं झालं गं हे?" काकू विचारून राह्यल्या होत्या.

मी तोंडाची फटकळ, पण ते वाक्य जिभेवर येईना. पण सांगावंच लागलं. "काकू, पहिले घरी जाऊन तुमच्याकडची पिन काढा."

त्यांचे हात यांच्या तळव्यावर होते तिथेच थांबले.

"कूलर बंद पडला म्हणून मंग म्या लावली," त्या म्हणाल्या. त्यांना उठता येईना. मी दंडाला धरून त्यांना अक्षरशः बाहेर काढलं.

हे वाचले, दवाखान्यातून घरीही आले. काकू मात्र अजून आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत. मी कितीदा हाताला धरून ओढलं. बाहेरूनच विचारतात, "बरे हायेत ना?"