हद्द-निश्चिती अधिकारी (निवृत्त) यांच्या दारातली पानं

नाव : निशिगाकी योशिनोरी. वय : एकाहत्तर. वास्तव्य : क्योतो शहर, निशिजिन भाग, गल्लीतलं उत्तरमुखी चौथं घर. वैवाहिक स्थिती : विधुर. पूर्वीचा हुद्दा : हद्द-निश्चिती अधिकारी, भूमापन कचेरी. सेवाकाळात निश्चित केलेल्या हद्दी : चार हजार एकशे बारा. पैकी हरकत आलेल्या : शून्य. सध्याचा हुद्दा : गल्ली मंडळाचे अध्यक्ष, पाळीनुसार. शारीरिक खूण : चालताना नजर जमिनीकडे.

ही शेवटची खूण कचेरीने दिलेली. चाळीस वर्षं जमिनीत ठोकलेले खुंटे शोधत फिरलं की मान तशीच राहते. लोकांना ती नम्रता वाटायची आणि त्यानेही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

घर उत्तरमुखी, त्यामुळे दारासमोर ऊन असं येतच नाही. भिंतीच्या पायथ्याशी वीतभर रुंद मातीचा पट्टा आहे. त्याची बायको मिसाओ आणि शेजारच्या मिनोवाबाई या दोघींनी एकाच गड्ड्याची फोड वाटून घेऊन तिथे ड्रॅगनची दाढी लावली होती. दिसायला गवत, पण गवत नव्हे. काळपट हिरव्या, केसांसारख्या पात्यांचे झुपके. सावलीत दुसरं काही जगत नाही तिथे हे माजतं. थंडीत पाती बाजूला केली की आत निळेशार मणी सापडतात. दोन्ही घरांसमोरचे झुपके कधीच एक होऊन गेले होते. कुठली दाढी कुणाची, ते दाढीलाही सांगता आलं नसतं.

मिसाओ गेली आणि सकाळचा झाडू त्याच्या हातात आला. आपलं दार झाडायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर जास्त झाडायचं, हा गल्लीचा रिवाज. वीतभर कमी झाडलं तर माणूस चिक्कू आणि हातभर जास्त झाडलं तर तो शेजाऱ्याला टोमणा. दोन घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या. मधोमध पन्हळीचा पाइप उतरतो. हद्द तीच, हे त्याने एका नजरेत ठरवलं. मोजलं नाही. हयातभर दुसऱ्यांचं मोजलेला माणूस स्वतःच्या दारात कशाला फीत काढेल? सहा वर्षं तो पाइपापर्यंत झाडायचा, मग वीतभर पुढे, आणि झाडू टेकवून मिनोवाबाईंच्या दाराकडे एकदा बघायचा. ते बघणंही रिवाजात असावं, अशी त्याची समजूत होती.

यंदा नोव्हेंबरात कोपऱ्यावरच्या देवळातल्या जिन्कोच्या झाडाची पिवळी पानं गल्लीभर पसरली. सगळ्यांची दारं स्वच्छ. फक्त पाइपाच्या पलीकडे सव्वादोन फुटांचा एक पट्टा तसाच राहायचा. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मिनोवाबाई चौऱ्याऐंशीच्या. स्वतः झाडून टाकावं, तर ते हातभर जास्त झालं असतं. म्हणून त्याने कचेरीत शिकलेला सभ्य मार्ग धरला. गल्लीत सूचनांची एक फळी घरोघर फिरते. वाचायचं, आपल्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. त्यावर त्याने लिहिलं : 'काही घरांसमोर पाने दीर्घकाळ पडून राहत असल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' कुणाचं नाव घेतलं नाही, याचं त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

फळी दहा घरं फिरून दहा शिक्के घेऊन परत आली. तोफूवाले त्सुजी तेवढे म्हणाले, "अध्यक्ष, सूचना एकदम नेमकी हं!" त्याने वाकून आभार मानले.

पट्टा तसाच राहिला. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो दाढीत अडकलेली पानं बोटांनी वेचायला बसला. पाइपाच्या पुढे दोन पावलं गेला असेल. पाती फाकवली तर निळ्या मण्यांच्या खाली बोटाला काहीतरी गार लागलं. सिमेंटचा खुंटा. डोक्यावर लाल फुली. असे हजारो खुंटे त्याने उभे राहून ठोकून घेतले होते, त्यामुळे हा काय आहे हे कुणाला विचारायची सोय नव्हती.

तो घरातून फीत घेऊन आला. पाइपापासून ब्याण्णव सेंटिमीटर. परत मोजलं. ब्याण्णवच.

"सापडला?"

मिनोवाबाई दारात काठी टेकून उभ्या होत्या. कमरेला पट्टा.

"हा... हा इथे कधीपासून आहे?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा होताच. मिसाओताई दर फेब्रुवारीत ही दाढी कापायच्या ना, तेव्हा त्याचं डोकं दिसायचं. त्या गेल्यावर कुणी कात्री लावली नाही."

"म्हणजे इथपर्यंतचं माझं. आणि सहा वर्षं हे झाडत कोण होतं?"

मिनोवाबाईंनी काठीची मूठ पुसली. "कुणीतरी झाडतच असतं हो."

"तुम्ही मला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? हद्दीच्या कचेरीतले साहेब तुम्ही. तुम्हाला मी हद्द शिकवू? आणि रोज सकाळी पाइपापुढे वीतभर झाडून माझ्या दाराकडे बघायचात. चेहऱ्यावर एवढं समाधान! म्हटलं, असू दे."

त्याचे कान तापले. "पण ती सूचना..."

"छान होती. अक्षर सुरेख आहे तुमचं."

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"गल्लीत म्हणताय?" त्यांनी जरा विचार केला. "तुम्हाला सोडून ना?"

तो गुडघ्यांवर होताच, तसाच खाली वाकला. कपाळ पानांना लागेपर्यंत.

"अहो उठा, उठा! लोकांना वाटेल मीच तुम्हाला काहीतरी बोलले." मग त्यांनीही जमेल तितकी मान लववली. "चूक माझीच आहे. कंबर धरली, म्हणून महिनाभर तुमच्याकडचं राहून गेलं. माफ करा."

हे त्याला सोसलं नाही. त्या ओरडल्या असत्या तर घरात जाऊन दार तरी लावून घेता आलं असतं.

दुसऱ्या सूचनेचे त्याने पाच मसुदे केले. पहिल्यात 'संबंधित घर अध्यक्षांचेच असल्याचे निदर्शनास आले आहे' असं होतं. मिसाओ असती तर ते मोठ्याने वाचून दाखवलं असतं तिने. शेवटी लिहिलं : 'ती पानं माझ्याच दारातली होती. निशिगाकी.' फळी फिरली, दहा शिक्के आले. त्सुजींनी तोफू हातात देताना फक्त म्हटलं, "थंडी वाढली, नाही?" गल्लीत कुणालाच बातमी नवी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी तो झाडू घेऊन बाहेर आला. मिनोवाबाईंचं अख्खं दार झाडून टाकावं, रोज, त्या मरेपर्यंत, असं त्याला वाटत होतं. तसं केलं तर तो त्यांचा दुसरा अपमान, हेही कळत होतं. परतफेडीला रिवाजाने वीतभरच जागा ठेवली होती. तो खुंट्यापर्यंत झाडत गेला, वीतभर पुढे झाडलं आणि थांबला. यावेळी त्यांच्या दाराकडे बघितलं नाही.

आत जाताना त्याने खुंट्याभोवतीची पाती कात्रीने कापली. फेब्रुवारी यायचा होता, तरी कापली.

मिनोवाबाई सहा वर्षं रोज तीन फूट जास्त झाडत होत्या.