भोंग्याचा बसलेला घसा

बसस्थानकावर कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माइकवरून सांगणाऱ्या बाईला मैत्रिणी लाडाने भोंगा म्हणत. माइक बंद झाला तरी भोंगा बंद व्हायचा नाही. अशा बाईने घसा बसल्याचं सांगून रजा काढावी, म्हणजे कमालच! पण नर्सबाई आणि टेलरबाई या तिच्या दोघी मैत्रिणी समुद्रकाठचे पुरातन अवशेष बघायला निघालेल्या, आणि फिरायला जायचं म्हटलं की साहेब रजा देत नसत. "देवा, एवढं एकदा सांभाळून घे," म्हणत तिने नवऱ्याकरवी निरोप धाडला.

देवाने ऐकलं, पण पुरतं नाही. पडक्या खांबांपाशी डबे उघडले नाहीत तोच समोरून साहेब, त्यांची बायको आणि सासूबाई! सासूबाई तडक खालच्या दगडी धक्क्यावर जाऊन पाण्याकडे तोंड करून बसल्या. साहेब आणि वहिनी मात्र इकडेच आले.

नर्सबाई पटकन पुढे झाली. "डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितलीय हिला. बोलायला सक्त मनाई."

"अरेरे," म्हणत साहेबांनी शेजारीच चटई पसरली.

टेलरबाईला रान मोकळं मिळालं. "वहिनी, ही गप्प आहे तोवर सांगून घेते. हिच्या लग्नात ऐन वेळी नवरीच बेपत्ता! शोधतोय सगळे, तर ही आतल्या खोलीत बसून गोड खातेय. तोंड इतकं भरलेलं की हो म्हणायलासुद्धा जागा नाही!"

भोंग्याने डोळे वटारले, जोरजोरात हात हलवले.

"बघा, कबूल करतेय," नर्सबाईने अर्थ लावला.

वहिनींची हसून मुरकुंडी वळली. भोंग्याची जीभ आत नुसती तडफडत होती. तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. भरतीचं पाणी मागून धक्क्याला वळसा घालत होतं आणि सासूबाई निवांत पेंगत होत्या. साहेबांनी हाका मारल्या, त्या लाटांत विरल्या. भोंग्याने देवाचं नाव घेतलं, रजेवर पाणी सोडलं आणि ती उभी राहिली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! धक्क्यावर बसलेल्या आजींनी आपले सामान घेऊन ताबडतोब डावीकडील पायऱ्यांनी वर यावे!"

आजी दचकून उठल्या आणि लगबगीने वर आल्या. चपला तेवढ्या भिजल्या. पण त्यांच्याबरोबर तिथली झाडून सगळी माणसं पिशव्या उचलून डावीकडे चालू लागली. साहेबसुद्धा, सवयीने, चटई गुंडाळून.

चार पावलांवर ते थबकले. "घसा सुटला वाटतं?"

माफी मागायची सोडून भोंगा टेलरबाईवरच धावली. "लग्नात मी खात नव्हते! चप्पल शोधत होते, चप्पल!"

"जावईबापू," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "हिची रजा कापलीत तर मी परत तिथेच जाऊन बसेन."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "नाही कापत. पण रजा घशाची आहे ना? मग उद्या सकाळपर्यंत तो बसलेलाच राहील. मी लक्ष ठेवणार."

परतीच्या गाडीत ते बरोबर मागच्या बाकावर बसले. भोंगा ओठ घट्ट मिटून खिडकीशी. टेलरबाई सावरून बसली आणि मागे वळली.

"तर वहिनी, ती चप्पल कुणाची होती, ते ऐका आता."