अमोलच्या हातची आमटी

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेलीबागेच्या बाजारात भाजी घेत होतो. वाईट वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं... खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघं साताऱ्याचे, एकाच पलटणीतले, रिटायर होऊन इकडे हिंदी मुलखातच, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत शेजारी-शेजारी राहिलो. दत्ताचे वडील, अण्णा, फौजेच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. मीठ कमी पडलं म्हणून एका साहेबानं त्यांच्या अंगावर ताट भिरकावलेलं दत्तानं लहानपणी पाहिलं होतं. "लेखणी धर, झारा धरू नकोस," असं अण्णांनी बजावलं आणि हा क्लार्क झाला. पुढे ह्याला वाटायला लागलं, आपला पोरगा अमोल फौजेत ऑफिसरच व्हावा. अमोल परीक्षेत दोनदा नापास झाला आणि निशातगंजच्या एका हॉटेलात सरळ स्वयंपाकाला लागला. दत्ता म्हणाला, "फिरून फिरून भटारखान्यातच आलो की रे आपण." त्यानंतर चार वर्षं त्यानं पोराच्या हातचं पाणीही घेतलं नाही. मी चिकार भांडलो, पण दत्ता म्हणजे पालथा घडा.

यंदा तो हॉस्पिटलात पडला, अन्न जाईना. अमोल माझ्याकडे डबा घेऊन आला. "चाचा, बोल देना चाची ने बनाया है." मऊ भात आणि मसुराची आमटी. दत्तानं बोटं चाटत खाल्लं. आठ दिवस खाल्लं. "वहिनींना सांग, आमच्या अण्णांच्या हातची चव आहे," म्हणाला आणि त्याचे डोळे भरले. मला वाटलं, आता पाघळलाय... आणि मी सांगून टाकलं. माझा शहाणपणा नडला. त्यानं तोंडातला घास काढून ताटलीत ठेवला, भिंतीकडे तोंड केलं. "घेऊन जा," एवढंच बोलला.

पुढचे तीन दिवस तो सलाईनवर होता, मग गेलाच. तिन्ही दिवस तो डबा मी जिन्यात उभा राहून संपवला, कारण खाली अमोल उभा असायचा. "सांगितलंय त्याला, तरी खातोय," असं मी त्याला बोलून बसलो होतो. चार वर्षांत पहिल्यांदा ते पोर हसलं होतं.

परवा अमोल घरी आला, माझ्या पायाशी बसला. "चाचा, पापा ने जानकर भी खाया ना?"

"खाल्लं बाबा, चाटूनपुसून."

अमोलला मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणूनच हे इथे लिहितोय. कुणी त्याला वाचून दाखवू नका.