बॅटरी चांगली आहे

समुद्रकिनारी उजाडताच आमच्या कॅम्पर व्हॅनमधला फ्रिज बंद पडलेला दिसला. आत माझं इन्सुलिन होतं. दिव्यांसाठी आणि फ्रिजसाठी आम्ही वेगळी बॅटरी बसवली आहे. तीच संपली असणार. "परत फिरू या," मी बायकोला म्हणालो.

"आधी बघू तरी," सुनंदा म्हणाली. व्हॅनचं सगळं वायरिंग तिनेच शिकून केलेलं. तिने बॅटरीला मल्टिमीटर लावला. व्होल्टेज भरपूर होतं. फ्रिजपाशी मोजलं, तर जवळजवळ काहीच नाही.

"बॅटरी चांगली आहे. मधेच कुठेतरी अडतंय."

घाबरलं की आपण सगळंच संपलं असं धरून चालतो. ती मात्र वायरीवरून बोट फिरवत एकेक जोड तपासत गेली. खाऱ्या हवेने एक जोड हिरवा पडला होता. मेन स्विच बंद करून तिने तो पॉलिश पेपरने घासला, घट्ट आवळला. स्विच लावताच फ्रिज घुरघुरला. इन्सुलिन अजून गारच होतं.

शेजारच्या व्हॅनमधले गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, आमचेही दिवे मंद होतात. जरा बघता का?"

"मला नाही, हिला विचारा," मी म्हणालो, आणि उगाचच ताठ उभा राहिलो.