अर्धी गोळी

दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव होते, पण उन्हाने पाटी इतकी फिकी पडली होती की ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. सगळी वस्ती त्यांना अर्धेकाका म्हणायची.

त्याला कारण होते एक लाकडी ठोकळा. औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर तो कायम असायचा. मधोमध सुताराने करून दिलेली खाच. खाचेत गोळी ठेवायची, वरून पाते दाबायचे, टक् आवाज व्हायचा आणि दोन सारखे तुकडे पडायचे. डॉक्टर अर्धी गोळी लिहून देतात, आणि नजर अधू झालेली माणसे ती घरी सुरीने कापायला जातात; मग निम्मी गोळी हातात राहते आणि निम्मी कपाटाखाली जाते. म्हणून काका दुकानातच कापून द्यायचे, पुडी बांधून.

"काका, आम्हा भावाभावांची वाटणी तुमच्या ठोकळ्यावर झाली असती, तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती," असे एक म्हातारा दर खेपेला म्हणायचा. काका दर खेपेला हसायचे. अलीकडे मात्र त्यांचे हसू ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच बसायचे. दिवसभर उभे राहून पाय भरून येत, आणि पायांपेक्षा जीभ जास्त दमायची. किंमत सांगून दमायची.

दुकानामागे एक खोली आणि स्वयंपाकघर. मध्ये जाड पडदा. पडद्याच्या अलीकडे दुकान, पलीकडे संसार. संसारात आता दोघेच, काका आणि काकू. काकूंना ऐन तरुणपणी फिट येऊ लागल्या होत्या. शेवटची आली तेव्हा त्या चुलीपाशी होत्या. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी अजून आवळल्यासारखी दिसते. त्यानंतर गोळी लागू पडली. एक साधी पांढरी गोळी, सकाळी आणि संध्याकाळी. तेव्हापासून फिट आली नाही. काकू त्या गोळीला "माझी थोरली बहीण" म्हणत. "दोन वेळा येऊन डोकावून जाते बापडी."

तीच गोळी कोपऱ्यावरच्या शिवणकामवालीच्या मुलीला होती. मुलगी शाळेत जाणारी, बडबडी. आई एकटी, दिवसभर मशीनवर. गळ्यात मोजपट्टी, बोटांना सुईची भोके. पण मुलीची गोळी तिने कधी चुकवली नाही.

आणि एके दिवशी ती साधी गोळी बाजारातून गेली.

माल घेऊन येणारा विक्रेता गाडी दुकानाला लावून आत आला तेव्हा त्याच्या हातात सोनेरी पाकीट होते. "काका, जुनी बंद. कंपनीला परवडत नव्हती. ही घ्या. औषध तेच, पण अंगात हळूहळू उतरतं. दिवसातून एकदाच घ्यायची."

काकांनी पाकीट उलटे करून भाव बघितला. चौपट.

"औषध तेच म्हणतोस ना?"

"तेच. अंगरखा नवा."

"मग ज्यांना जुनाच अंगरखा पुरत होता त्यांनी काय करायचं?"

"अहो काका, कंपनी म्हणजे धर्मशाळा आहे का? मागणी तसा भाव. बाजार आहे हा."

"अरे, भाजी महागली तर माणूस भाजी खायचा थांबतो. भाव वाढला म्हणून फिट यायची थांबते का? याला मागणी नाही म्हणत बाबा. याला अडला हरी म्हणतात."

विक्रेता वाईट माणूस नव्हता. त्याने कपाळावरचा घाम पुसला. "मलाही कळतं हो. माझ्या आईला साखरेचा आजार आहे. मी काय भाव ठरवतो? तुम्ही तरी कुठे ठरवता?" असे म्हणून त्याने खोका उतरवला आणि तो गेला.

काकांनी त्याच दुपारी जुन्या गोळीची उरलेली सगळी पाकिटे फळीवरून काढली आणि गुडघ्याजवळच्या खणात टाकली. काकूंसाठी. त्यांना ते पाप वाटले नाही. मनगटावरची ती कातडी रोज ताट वाढताना त्यांच्या डोळ्यांपुढून जात होती. काकूंना त्यांनी काही सांगितले नाही. गोळी रोजच्या वाटीत रोजच्यासारखी पडत राहिली.

शिवणकामवाली आली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे सोनेरी पाकीट ठेवले. भाव ऐकून ती काही वेळ मोजपट्टीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"जुनी एकही नाही, काका?"

"कंपनीनं बंद केली."

हे खोटे नव्हते. खरेही नव्हते.

"मग अर्ध्या करून द्या. दिवसाला अर्धीच देईन."

"ही मोडायची नसते पोरी. हिचं वरचं कवच फुटलं की सगळं औषध एकदम अंगात उतरतं, आणि मग उरलेला वेळ काहीच नाही. शिवाय मात्राही निम्मीच पडते."

"अख्खी दिली तर माझे पैसे अर्धा महिनाच पुरतात. पुढचा अर्धा महिना काय देऊ? तुम्हीच सांगा. अर्धी गोळी बरी की अर्धा महिना?"

काकांचा पाय खणाला टेकला होता. एवढी वर्षे औषधे विकली, पण या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही वेष्टनावर छापलेले नव्हते. आणि हात, ज्याला एकच काम ठाऊक होते, तो ठोकळ्याकडे गेला. टक्. नवी गोळी सरळ तुटली नाही. काठाला तिचा भुगा झाला. तो भुगासुद्धा तिने पुडीत घालायला लावला.

पुढच्या आठवड्यात मुलगी शाळेच्या नळापाशी पडली.

दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन दुकानात आली. मुलीच्या हनुवटीला टाके, ओठ सुजलेला. बडबडी पोर, पण तोंड उघडवत नव्हते. आई भांडायला आली नव्हती, तेच काकांना जड गेले. ती म्हणाली, "जखमेचं मलम द्या." आणि मग म्हणाली, "आणि अर्ध्या करायच्या आहेत अजून थोड्या."

"अर्ध्या नको करूस, बाई."

"मग काय करू, काका? मीच अर्धी होऊ का?"

पडदा हलला. काकू बाहेर आल्या. त्या दुपारच्या वेळी कधी दुकानात येत नसत. पडद्याआडून त्यांनी सगळे ऐकले होते. त्या मुलीच्या हनुवटीकडे बघत राहिल्या, आणि त्यांचा डावा हात नकळत उजव्या मनगटावर गेला.

"अहो, जुनी गोळी बंद झाली?"

काकांनी मलमाची डबी काउंटरवर ठेवली.

"मग मी सकाळी काय गिळलं?"

काकांची नजर खाली गेली, आणि ती जिथे गेली तिथेच काकूंनी वाकून खण ओढला. पाकिटे एकावर एक, नीट लावलेली.

"कंपनीला शिव्या घालताना तुमचा आवाज पार चुलीपर्यंत येतो," काकू म्हणाल्या. "आणि हे? कुंपणानंच शेत खाल्लं की."

"तुझ्यासाठीच ना!" काकांचा आवाज फुटला. "तुला पुन्हा तसं पडलेलं बघायचं बळ नाही आता माझ्यात."

"ठाऊक आहे मला. हिच्या आईत तरी ते बळ कुठून येणार?" काकूंचा सूर उतरला. "तुम्ही भाव लावला नाहीत एवढंच. कंपनीनं पैसा बघून दिली, तुम्ही नातं बघून. आजाराला दोन्ही कळत नाहीत हो. दुकान तुमचं आहे, पण हे दुखणं माझं आहे. ते कुणाबरोबर वाटून घ्यायचं ते मी ठरवीन."

त्यांनी पाकिटांचे दोन ढीग केले. एक मुलीच्या आईपुढे सरकवला. "पैसे जुन्याच भावानं दे. उपकार नकोत तुला, मला ठाऊक आहे. आणि आजच डॉक्टरांकडे जा. काय काय दिलंस ते सगळं सांग, लपवू नकोस. तुझी चूक नाही यात."

शिवणकामवालीने ढिगाला हात लावला नाही. "काकू, तुमचं काय?"

"माझी ही संपतील तेव्हा तुझीही संपतील."

"मग?" हे काकांनी विचारले.

काकू काउंटरला वळसा घालून बाहेर गेल्या आणि त्या मायलेकींशेजारी, गिऱ्हाइकाच्या बाजूला, उभ्या राहिल्या. "मग आम्ही अशा येऊ. दोघी. सोनेरी पाकीट मागू. तुम्ही भाव सांगा."

दिवसभर जो आकडा ते दहा जणांना सांगत, तो काकांच्या तोंडून निघेना.

मागून तो वाटणीवाला म्हातारा आला. त्याने चिठ्ठी पुढे केली आणि सवयीने भावाभावांचे वाक्य सुरू केले, पण चौघांची तोंडे बघून मध्येच थांबला. त्याची गोळी मोडायचीच होती, डॉक्टरांनीच तशी लिहिलेली. काकांनी ठोकळा जवळ ओढला. काकू तिथेच उभ्या होत्या, काउंटरच्या पलीकडे, आणि आत यायचे त्यांच्या मनात दिसत नव्हते.

काकांनी गोळी खाचेत ठेवली. पाते उचलले. खाली आणण्याआधी गोळी बरोबर मधोमध आहे ना, ते त्यांनी पुन्हा एकदा पाहिले.