संकल्पातला काळ

ओल्या दर्भाचा वास आला आणि मी पुन्हा दहा वर्षांचा झालो. बालाजी घाटावर आजीचं श्राद्ध होतं. गुरुजींच्या मागोमाग बाबा संकल्प म्हणत होते: आधी कल्प, मग मन्वंतर, युग, शेवटी आजची तिथी. बाबा विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मध्येच माझ्याकडे झुकून म्हणाले, "आमचंही असंच. नवजीव महाकल्प, चतुर्थ कल्प, अभिनव युग. फक्त आम्ही तिथीपर्यंत पोहोचत नाही."

"माताजींचं नाव बोला, प्रोफेसरसाब," गुरुजी म्हणाले.

वर्गात कोट्यवधी वर्षं सहज ओलांडणारे बाबा गप्प झाले. मला वाटलं, नाव विसरले.

आज बाबांचं वर्षश्राद्ध. कल्प, युग, तिथी, सगळं मी न अडखळता म्हटलं. गुरुजी आता नाव दुसऱ्यांदा विचारताहेत.